गॅलिलिओ कुठल्या डिपार्टमेंटचा?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की रिटायर झाल्यापासून मी परत सोळाव्या-सतराव्या शतकातला युरोप वाचायला काढलाय, तर त्यावर इतक्या मेल आल्या की हा महिना त्यालाच देऊन टाकते. मेल लांब होत्या, कापल्यात, राग मानू नका.

ताई, मी एमए इंग्लिशच्या पहिल्या वर्षाला आहे. पेपरला शेक्सपिअर आणि मिल्टन आहेत पण सर म्हणतात गॅलिलिओ, देकार्त, हॉब्ज पण वाच. मी आर्ट्सला आले तेच सायन्स नको म्हणून! शिवाय कोणी रेनेसाँस म्हणतं, कोणी अर्ली मॉडर्न, परीक्षेत लिहायचं काय? (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

आधी परीक्षेचं उरकून टाकू. अर्ली मॉडर्न म्हणजे ढोबळमानाने 1500 ते 1800. रेनेसाँस हे नाव मागे बघणारं आहे, ग्रीक-रोमन विद्या परत जिवंत झाली असं म्हणणारं, आणि अर्ली मॉडर्न हे पुढे बघणारं, म्हणजे आपलं आजचं जग तिथे सुरू झालं असं धरून चालणारं. दोन्ही नावं नंतरच्या लोकांनी दिलेली, त्या काळातल्या कोणाला आपण 'अर्ली' आहोत हे माहीत असायचं काही कारणच नव्हतं. मराठीत आणखी एक घोळ आहे, 'प्रबोधन' हा शब्द आपण रेनेसाँसलाही वापरतो, अठराव्या शतकातल्या एनलाइटनमेंटलाही वापरतो आणि आगरकर-फुल्यांच्या संदर्भात तर वापरतोच. त्यामुळे मराठी पुस्तक वाचताना लेखक नक्की कुठल्या शतकाबद्दल बोलतोय ते आधी बघून घ्यायचं. एनलाइटनमेंटला 'ज्ञानोदय' हा चांगला शब्द आहे, तो वापरावा असं माझं मत.

आता सायन्स नको हे जे तू म्हणतेस ना, त्यात अडचण अशी आहे की तुझं आर्ट्स-सायन्स त्या लोकांना कळलंच नसतं. गॅलिलिओ कुठल्या डिपार्टमेंटचा सांग बघू? 1588 मध्ये, म्हणजे चोविसाव्या वर्षी, त्याने फ्लॉरेन्समध्ये व्याख्यानं दिली ती दान्तेच्या कवितेतल्या नरकाचा आकार नि मापं किती यावर. नंतर पादुआला अठरा वर्षं गणित शिकवलं. 1610 मध्ये दुर्बिणीतून गुरूचे चार चंद्र दिसले, त्यांना त्याने नाव दिलं फ्लॉरेन्सवर राज्य करणाऱ्या मेदिची घराण्याचं, म्हणजे सरळ सरळ राजकारण, आणि त्या घराण्याने दरबारी नोकरी दिली तर याने हट्ट धरला की मला नुसता गणिती म्हणू नका, पदनामात 'तत्त्वज्ञ' पण लिहा. इंग्रजीतला 'सायंटिस्ट' हा शब्दच मुळी 1830 च्या दशकात तयार झाला.

आता तुझ्या मिल्टनकडे येते. 1632 मध्ये गॅलिलिओचं ते प्रसिद्ध पुस्तक आलं, पृथ्वी फिरते की सूर्य यावरचं, तर ते चक्क नाटकासारखं लिहिलंय, तीन माणसं चार दिवस गप्पा मारतात, एकाचं नाव सिंप्लिचिओ, आणि तेही लॅटिनमध्ये नाही तर इटालियनमध्ये, म्हणजे विद्यापीठाबाहेरच्या माणसाला वाचता यावं असं. पुढच्या वर्षी जूनमध्ये रोमला चर्चच्या खटल्याचा निकाल लागला, म्हाताऱ्याला गुडघ्यावर बसून पृथ्वी फिरते हे आपलं म्हणणं मागे घ्यावं लागलं आणि उरलेलं आयुष्य नजरकैदेत गेलं. ही बातमी हॉलंडमध्ये राहणाऱ्या फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तला कळली, त्याचं विश्वावरचं एक पुस्तक जवळजवळ तयार होतं ज्यात पृथ्वी फिरतच होती, त्याने ते गुंडाळून ठेवलं, जिवंत असेपर्यंत छापलं नाही. चार वर्षांनी, 1637 ला, त्याने जे छापलं ते लेखकाचं नाव न घालता, फ्रेंचमध्ये, थोडं आत्मचरित्रासारखं: मी शाळेत काय शिकलो, मला कशाकशाची शंका यायला लागली, आणि मग ते 'मी विचार करतो म्हणून मी आहे'. आपण ते तत्त्वज्ञानाचं पुस्तक म्हणून शिकवतो पण मूळ पुस्तकात ती नुसती प्रस्तावना आहे, तिच्यामागे प्रकाश, हवामान आणि भूमिती यावरचे तीन लांबलचक निबंध आहेत.

आणि 1638 च्या सुमाराला इटलीत फिरायला गेलेला एक तरुण इंग्रज त्या नजरकैदेतल्या म्हाताऱ्याला भेटला. तो मिल्टन. पुढे 1643 मध्ये इंग्लंडच्या पार्लमेंटने छापण्याआधी परवानगीची सक्ती केली, तर पुढच्या वर्षी मिल्टनने त्याविरुद्ध 'अ‍ॅरिओपॅजिटिका' लिहिलं आणि त्यात पुरावा म्हणून हेच सांगितलं की मी बघून आलोय, विचारांवर पहारा बसवला की काय होतं ते. आणि 1667 ला 'पॅराडाइज लॉस्ट' आलं त्यात पहिल्याच सर्गात सैतानाची ढाल कशी दिसते, तर टस्कनीतला तो कलावंत दुर्बिणीतून बघतो त्या चंद्रासारखी. एकच धागा आहे बघ, विज्ञानातून निघून तत्त्वज्ञानात, तिथून राजकारणात आणि शेवटी कवितेत. हे माहीत नसेल तर ती ढाल म्हणजे गाईडमधली 'महाकाव्यात्मक उपमा, दोन मार्क'. सरांचं ऐक.

मी बँकेतून निवृत्त झालोय. डिग्रीबिग्री नकोय, स्वतःसाठी वाचायचंय. उत्साहाने हॉब्जचं 'लेव्हायथन' ऑनलाइन मागवलं, वीस पानांत झोप लागली. काय चुकलं? सुरुवात कुठून करावी? (नाशिक)

काही चुकलं नाही, त्या पुस्तकाने भल्याभल्यांना झोपवलंय, मला पण. तुम्हाला वाटलं राजकारणाचं पुस्तक आहे, राजा-प्रजा असं काही येईल, आणि पहिल्या प्रकरणात हॉब्ज सांगत बसतो की डोळ्याला कसं दिसतं आणि कानाला कसं ऐकू येतं. पण तोच त्याचा मुद्दा आहे हो. त्याच्या मते सगळं म्हणजे हलणारे पदार्थ, माणूसही तेच, मग इच्छा, भीती या त्या हालचाली, आणि भीतीने एकत्र आलेली माणसं म्हणजे राज्य. तो पायरी पायरीने भूमितीसारखा चढत जातो म्हणून सुरुवात कंटाळवाणी.

असं करा. आधी मुखपृष्ठाचं चित्र नेटवर मोठं करून बघा, डोंगरामागून एक अवाढव्य राजा वर आलाय, एका हातात तलवार, दुसऱ्यात बिशपचा दंड, आणि त्याचं अंग नीट बघितलं तर शेकडो छोट्या छोट्या माणसांचं बनलेलं, सगळी आपल्याकडे पाठ करून त्याच्या तोंडाकडे बघतायत. अर्धं पुस्तक तिथेच झालं. मग एकदम तेरावं प्रकरण उघडा, राज्यसंस्था नसेल तर माणसाचं आयुष्य एकाकी, दरिद्री, ओंगळ, पशुवत आणि तोकडं असतं ते वाक्य तिथे आहे. आणि वाचताना डोक्यात ठेवा की पुस्तक 1651 चं आहे, इंग्लंडमध्ये यादवी होऊन दोन वर्षांपूर्वी राजाचं डोकं उडवलंय आणि हा गृहस्थ पॅरिसला पळून जाऊन तिथे बसून लिहितोय. स्वतःबद्दल तो म्हणायचाच की स्पॅनिश आरमार येतंय या धसक्यात आईला जुळं झालं, एक मी आणि दुसरी भीती.

पण सुरुवात मी हॉब्जने करणार नाही. सुरुवात करायची माँतेनने, फ्रेंच निबंधकार, 1580 चा, आणि त्यातही नरभक्षकांवरचा निबंध. वीसेक पानं असतील. ब्राझीलचे तीन मूळ रहिवासी फ्रान्समध्ये रूआँ शहरात आणले होते, राजा नववा चार्ल्स तेव्हा बारा वर्षांचा, त्यांना विचारलं आमच्याकडचं काय बघून आश्चर्य वाटलं? ते म्हणाले एक तर एवढी दाढीवाली हत्यारबंद माणसं एका पोराचं ऐकतात हे, आणि दुसरं म्हणजे काही लोक खाऊन तट्ट आणि काही त्यांच्या दारात उपाशी, तर हे उपाशी लोक त्यांचा गळा का धरत नाहीत. माँतेन म्हणतो की त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या होत्या पण तिसरी मी विसरलो, वाईट वाटतं. हे 'विसरलो' मला फार आवडतं. एवढ्या मोठ्या निबंधात माणूस सरळ सांगून मोकळा होतो.

मग मॅकिआव्हेली, फ्लॉरेन्सचा मुत्सद्दी. 'प्रिन्स' वाचाल तेव्हा वाचा, छोटंच आहे, पण त्याआधी त्याने 10 डिसेंबर 1513 ला मित्राला लिहिलेलं पत्र वाचा. त्याच वर्षी नोकरी गेलेली असताना कटाच्या संशयावरून तुरुंगात टाकून छळ केलेला, आता गावाकडच्या शेतावर पडून आहे. सकाळी पक्षी पकडतो, लाकूडतोड्यांशी वाद घालतो, दुपारी खाणावळीत खाटीक आणि गिरणीवाल्याबरोबर पत्ते खेळतो नि दमडीवरून एवढे भांडतात की शेजारच्या गावात ऐकू जावं. रात्री घरी आला की दारातच चिखलाचे कपडे काढतो, दरबारी पोशाख घालतो आणि पुस्तकांच्या खोलीत जाऊन मेलेल्या जुन्या लोकांशी चार तास बोलतो, त्यांना विचारतो तुम्ही असं का वागलात, आणि ते उत्तर देतात. त्यातून मी एक छोटी पुस्तिका लिहिलीये, म्हणतो. तीच 'प्रिन्स'. तुम्ही रिटायर झालायत, हे पत्र तुमच्यासाठीच आहे असं समजा (पत्त्यांसकट).

पुस्तकं मागवून पैसे घालवू नका. प्रोजेक्ट गुटेनबर्गवर बरंच फुकट आहे, आणि तत्त्वज्ञांसाठी जोनाथन बेनेट नावाच्या प्राध्यापकाने 'अर्ली मॉडर्न टेक्स्ट्स' म्हणून साइट केलीये, तिथे हॉब्ज, लॉक, देकार्त, स्पिनोझा सगळ्यांची वाक्यं सोडवून आजच्या इंग्रजीत दिलीयेत. काही विद्वान नाक मुरडतात, मुरडू देत. मराठीत मराठी विश्वकोशाच्या नोंदी ऑनलाइन आहेत, आणि विंदांच्या 'अष्टदर्शने'त देकार्त आणि स्पिनोझा कवितेत भेटतात, ते मूळ वाचून झाल्यावर वाचा म्हणजे जास्त मजा येते.

लॅटिन यावंच लागतं का? (बीए, फिलॉसॉफी)

वाचायला नाही. पीएचडी करणार असशील तर हो, आणि मग आत्ताच सुरू कर, तिशीनंतर विभक्ती पाठ होत नाहीत (संस्कृत केलेलं असेल तर निम्मं काम झालंय). पण कोण कुठल्या भाषेत लिहितोय याच्याकडे मात्र लक्ष ठेव, कारण ते आपोआप होत नाही, ते ठरवून असतं. न्यूटनने 1687 चं 'प्रिन्सिपिया' लॅटिनमध्ये लिहिलं, युरोपभरच्या गणितवाल्यांसाठी, आणि 1704 चं प्रकाशावरचं पुस्तक इंग्रजीत. स्पिनोझाने 1670 चं धर्म आणि राज्यसंस्थेवरचं पुस्तक लॅटिनमध्ये, बिननावाचं आणि वर प्रकाशनस्थळ हॅम्बुर्ग असं खोटं टाकून काढलं, छापलं होतं अ‍ॅमस्टरडॅमला. अशा पुस्तकाचं पहिलं पानसुद्धा वाचण्यासारखं असतं.

हां, आणि जुन्या छापील प्रतींचे फोटो बघायला घेतलेस तर घाबरू नकोस, त्यात एस हे अक्षर शब्दाच्या मध्ये एफसारखं दिसतं. दोन दिवसांत सवय होते.

गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं. परवा एका पुस्तकात न्यूटनचा जन्म 1643 दिलाय. छपाईची चूक का? (ठाणे)

चूक नाही, आणि हे मी स्वतः कितीतरी वर्षं वर्गात सांगत होते, ज्ञानाची मशाल एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात वगैरे हातवारे करून, एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलाने हात वर केला आणि माझी मशाल विझली. 1582 मध्ये पोपने कॅलेंडर सुधारलं, दहा दिवस गाळले, कॅथलिक देशांनी ते लगेच घेतलं पण इंग्लंड पोपचं कशाला ऐकतंय, त्यांनी 1752 पर्यंत जुनंच चालवलं. न्यूटन इंग्लंडच्या तारखेने 25 डिसेंबर 1642 चा, नव्या तारखेने 4 जानेवारी 1643 चा. गॅलिलिओ इटलीत नव्या तारखेने 8 जानेवारी 1642 ला गेला, ती इंग्लंडच्या हिशोबाने 1641 चा डिसेंबर. म्हणजे कुठलंही एक कॅलेंडर धरा, वर्ष एक येतच नाही. एकाचं इथलं आणि दुसऱ्याचं तिथलं घेतलं तरच येतं. 23 एप्रिल 1616 ला शेक्सपिअर आणि स्पॅनिश लेखक सर्व्हांतेस एकाच दिवशी गेले म्हणतात त्याचंही तेच, दोघांत निदान दहा दिवसांचं अंतर आहे.

त्यात आणि इंग्लंडमध्ये कायदेशीर वर्ष 25 मार्चला सुरू व्हायचं, त्यामुळे पहिल्या चार्ल्स राजाला मारलं ते आपण 30 जानेवारी 1649 म्हणतो, तेव्हाच्या कागदांवर 1648 असतं. आपल्याकडे शिवकाळाचा अभ्यास करणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. 1674 ला शिवरायांच्या राज्याभिषेकाला ईस्ट इंडिया कंपनीचा हेन्री ऑक्झिंडेन हजर होता, त्या कंपनीचे कागद जुन्या तारखांचे आणि पोर्तुगीजांचे नव्या, जुळवताना दहा दिवस इकडेतिकडे करावे लागतात.

या सगळ्यात बायका कुठे आहेत? का नव्हत्याच? (पुणे)

होत्या, आणि देकार्तला सगळ्यात अवघड प्रश्न एका बाईनेच विचारला. बोहेमियाची एलिझाबेथ, राजकन्या पण राज्य गेलेली, बाप 1620 च्या लढाईत हरला तेव्हापासून कुटुंब हॉलंडमध्ये आश्रयाला. 1643 मध्ये ही चोवीस वर्षांची मुलगी देकार्तला पत्र लिहून विचारते की तुम्ही म्हणता आत्मा म्हणजे नुसता विचार, त्याला लांबीरुंदी नाही, वजन नाही, मग तो माझा हात हलवतो कसा? ढकलायला स्पर्श लागतो, आणि स्पर्श करायला शरीर लागतं. देकार्तने उत्तर दिलं ते वजनाचं उदाहरण देऊन, दगडाला त्याचं वजन खाली नेतं तेव्हा एक वस्तू दुसरीला ढकलत नसते ना, तसंच काहीसं. ती म्हणाली नाही पटलं, त्यापेक्षा आत्म्यालाच लांबीरुंदी आहे, तोही पदार्थच आहे असं मानणं मला सोपं वाटतं. एवढ्या सभ्य भाषेत इतकं सरळ कोणी कोणाला पाडलेलं मी क्वचित वाचलंय. आजही या प्रश्नाचं देकार्तच्या चौकटीत धड उत्तर नाही. पत्रं सुरूच राहिली, त्यातून त्याचं भावनांवरचं 1649 चं पुस्तक आलं, पण तिने आपली पत्रं छापू दिली नाहीत, ती बाहेर आली एकोणिसाव्या शतकात. म्हणजे दोनशेहून जास्त वर्षं लोक उत्तरं वाचत होते, प्रश्नच गायब!

दुसरी मार्गारेट कॅव्हेंडिश, इंग्लंडची, फटकळ. 1666 मध्ये तिने दुर्बिणी-सूक्ष्मदर्शकवाल्या प्रयोगांवर टीकेचं पुस्तक लिहिलं आणि त्यालाच जोडून एक अद्भुत कथा, 'ब्लेझिंग वर्ल्ड', छापली. त्यात एक बाई दुसऱ्याच जगाची सम्राज्ञी होते, तिथे अस्वल-माणसं दुर्बिणीतून बघून आपसात भांडतात, ती वैतागून म्हणते फोडून टाका त्या दुर्बिणी, आणि अस्वलं गयावया करतात की बाईसाहेब आमची तीच तर करमणूक आहे. पुढच्या वर्षी ती रॉयल सोसायटीत, म्हणजे लंडनच्या विज्ञानवाल्यांच्या संस्थेत जाऊन प्रयोग बघून आली. तिथे बाईला सभासद करून घ्यायला 1945 उजाडलं. आता ही कथा साहित्यात घालायची का विज्ञानात, तुम्हीच ठरवा, डिपार्टमेंटं भांडत बसतील.

आम्ही गोंयकार. युरोपचं एवढं कौतुक कशाला, आमच्याकडे त्यांनी काय केलं ते पण लिहा की. (म्हापसा)

लिहिते, आणि त्यासाठी फार लांब जायलाच नको. पणजीच्या म्युनिसिपल गार्डनमध्ये तुम्ही नक्की बसला असाल, ती बाग गार्सिया द ऑर्ताच्या नावाची. हा पोर्तुगीज डॉक्टर 1534 मध्ये आला तो परत गेलाच नाही, अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहावर पण औषधोपचार करायचा, आणि 1563 मध्ये गोव्यात छापून त्याने भारतातल्या औषधी वनस्पतींवर पुस्तक काढलं. तेही पोर्तुगीजमध्ये आणि संवादरूपात, ऑर्ता स्वतः आणि युरोपातून नवीन आलेला एक काल्पनिक पंडित, यांच्यात हिंग, भांग, आंबा, मिरी, धोतरा यावर गप्पा. पंडित सारखा ग्रीक ग्रंथांचे दाखले देतो, ऑर्ता म्हणतो मला त्या डायोस्कोरिडीस आणि गेलेनची भीती घालू नका, मी जे खरं आणि मला माहीत आहे तेच सांगणार. युरोपात नवं विज्ञान म्हणजे जुन्या ग्रंथांपेक्षा डोळ्यावर विश्वास असं आपण शिकवतो, तर त्यातलं एक पाऊल असं गोव्यात पडलंय, आणि इथल्या वैद्य-हकीम-बाजारवाल्यांना विचारून विचारून पडलंय. चार वर्षांत त्याचा लॅटिन संक्षेप युरोपभर गेला, निरीक्षणातून ज्ञान मिळवा असं सांगणारं इंग्लंडच्या बेकनचं 'नोव्हम ऑर्गानम' यायला अजून त्रेपन्न वर्षं होती.

आणि आता तुमचा मुद्दा. ऑर्ताचं घराणं मूळचं ज्यू, धर्मांतर करायला लावलेलं. गोव्यात 1560 ला इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय आलं. तो 1568 मध्ये गेला, पुढच्याच वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जिवंत जाळलं, आणि 1580 मध्ये त्याची हाडं उकरून काढून ती जाळली. पुस्तक आणि ही होळी एकाच शहरातली, सतरा वर्षांच्या अंतराने. यातलं एक सांगून दुसरं गाळलं तर ते शिकवणं अर्धवट, मग गाळणारा कुठल्याही बाजूचा असो.

जाता जाता कौतुक म्हणा की तक्रार म्हणा, एक आपल्या बाजूची पण आहे. 'पॅराडाइज लॉस्ट'च्या नवव्या सर्गात फळ खाऊन झाल्यावर आदम आणि ईव्हला लाज वाटते, अंग झाकायला पानं हवी असतात, तेव्हा ते ज्या झाडाकडे जातात ते मिल्टन सांगतो मलबार आणि दख्खनमध्ये असतं तसलं, फांद्यांतून मुळं खाली सोडणारं, ज्याच्या सावलीत गुराखी बसतो. म्हणजे आपला वड, थेट दख्खन असं नाव घेऊन. फक्त त्याने वड कधी पाहिलेला नव्हता, ऐकीव माहितीवर लिहिलं, त्यामुळे वडाचं पान तो ढालीएवढं रुंद म्हणतो. वटपौर्णिमेला जाणाऱ्या कुठल्याही बाईने सांगितलं असतं की त्या पानाने काही झाकलं जायचं नाही.